सोडलेली दारू आणि धरलेली संगत



सप्ताहाची सांगता झाली, काला झाला, दहीहंडी फुटली, की वीणा खाली ठेवण्यापूर्वी गावोगावी एक गोष्ट घडते. चारदोन माणसे पुढे येतात आणि म्हणतात, “महाराज, माळ घाला.” त्यांत एखादा तरी असा असतो की ज्याची माय किंवा घरधनीण मागे पदराला डोळे पुसत उभी असते. सारा गाव जाणतो तिचे डोळे का भरले ते. गडी पायावर डोके ठेवतो, “आजपासून शिवणार नाही” म्हणतो, तुळशीची माळ गळ्यात पडते, टाळ्या होतात, गजर होतो. फार गोड प्रसंग असतो तो.

पण पुढचे काय? पुढच्या एकादशीला तो भजनाला असतो. त्याच्या पुढच्या एकादशीला मागे, खांबाच्या आडोशाला बसतो. तिसऱ्या एकादशीला दिसतच नाही. कोणी विचारले तर उत्तर मिळते, “त्याचं काय विचारता बुवा! माळ काढून खुंटीला टांगली.” एवढे बोलून आपण टाळ उचलतो. आमचे आजचे निरूपण त्या खुंटीवरच्या माळेविषयी आहे. ती खुंटीवर का गेली, आणि ती पुन्हा गळ्यात यावी म्हणून आपण काय करावयाचे, एवढेच दोन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न घेऊ. लोक म्हणतात, त्याचा निश्चय कच्चा होता. आम्ही म्हणतो, थोडे थांबा. ज्याने लेकरांची शपथ घेतली, देवापुढे रडला, चार महिने थेंबाला शिवला नाही, त्याचा निश्चय कच्चा कसा म्हणावा? दारूचे व्यसन हा नुसता वाईट नाद नाही, आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. अमेरिकेतील डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने १९५६ साली तसे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीतही दारूच्या अवलंबित्वाला स्थान आहे. वर्षानुवर्षे रोज प्यालेल्या माणसाचा मेंदू दारू धरून चालावयास शिकलेला असतो. तो मेंदू दारू सुटल्यावरही जुनी वाट विसरत नाही. बाजाराचा दिवस, हातात आलेले उसाचे पैसे, घरातला तंटा, जुना सोबती यांतले एखादे कारण पुरते. मधुमेह झालेल्या माणसाला “तू शपथ घे म्हणजे साखर उतरेल” असे आपण सांगत नाही. त्याला पथ्य सांगतो, औषध देतो, वेळच्या वेळी तपासणीला नेतो. इथेही तसेच आहे. शपथ म्हणजे पथ्याची सुरुवात. पथ्य रोज पाळावे लागते, आणि ते एकट्याला पाळवत नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. ती प्रत्येक दिंडीच्या वीणेकऱ्याने आणि चोपदाराने ध्यानात ठेवावी. पुष्कळ दिवस भरपूर पिणारा माणूस माळ घालून एकाएकी दारू तोडतो आणि दुसऱ्याच दिवशी वारीला निघतो. अशाला शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, भलतेच आवाज ऐकू येतात, ताप भरतो. लोक म्हणतात, “अंगात आलं,” किंवा “बाहेरची बाधा झाली.” अंगारा लावतात आणि झाडाखाली निजवतात. सज्जनहो, या अवस्थेत माणूस मरतो! त्याला त्याच घडीस दवाखान्यात पोहोचवावे. १०८ वर फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते. आणि त्याहून उत्तम म्हणजे दारू तोडण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटावे. योग्य गोळ्या आणि ब जीवनसत्त्व देऊन हे चारपाच दिवस सुखरूप पार पाडता येतात. माळ घालणाऱ्या महाराजांनी आधी एवढेच विचारावे, “बाबा, रोज किती घेतोस? सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरतात काय?” उत्तर “होय” आले, तर दवाखाना आधी आणि माळ मागाहून. यात माळेचा अपमान नाही.

दुसरी सावधगिरी मायबहिणींसाठी. “त्यांना न कळता जेवणातून द्या, आठ दिवसांत दारू सुटेल,” असे म्हणून पुड्या विकणारे बाजारात असतात. असल्या पुडीत काय असते हे विकणाराही धड सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्याच्या संमतीने आणि त्याला सारे समजावून ते दिले जाते. न कळता दिले आणि वर तो प्याला, तर जिवावर बेतते. चोरून दिलेल्या औषधाने घरातला विश्वासही जातो. म्हणून माउली, पुडीच्या वाटेला जाऊ नका.

बरे, औषधाने शरीरातली दारू उतरली. मनातली कशी उतरावी? येथे संगतीचे प्रकरण सुरू होते, आणि हे प्रकरण आपल्या संप्रदायाला नवीन नाही. पण आम्ही दृष्टांत दूरचा घेणार आहोत.

१९३५ सालचा मे महिना. अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाचे एक गाव आहे. न्यू यॉर्कचा बिल विल्सन नावाचा गृहस्थ तेथे धंद्याच्या कामासाठी आला होता. शेअरबाजारात वावरलेला, पण दारूने धुळीला मिळालेला. पाचसहा महिन्यांपूर्वीच त्याची दारू सुटली होती. अ‍ॅक्रनचे काम फसले. परका मुलूख, खिसा रिकामा, मन खचलेले, आणि उतरला होता त्या हॉटेलातच दारूचा गुत्ता. आतून हसण्याचे आवाज येत होते. त्याला कळून चुकले, की आता आत गेलो तर संपलो. त्याने काय केले? टेलिफोन उचलला आणि गावातल्या धर्मगुरूंना विचारू लागला, “माझ्यासारखा एखादा दारुडा या गावात आहे काय? मला त्याच्याशी बोलावयाचे आहे.” अशा रीतीने त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. तो वैद्य स्वतःच पिण्याने हैराण झालेला. थोडाच वेळ बसू म्हणून आलेला वैद्य तासन्‌तास बोलत बसला. कारण समोरचा मनुष्य उपदेश करीत नव्हता, आपलीच कर्मकथा सांगत होता. पुढे एकदा घसरून १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला, तो कायमचा शेवटचा. त्या दिवसापासून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या मंडळाचा आरंभ धरतात. आपल्याकडे लोक त्याला नुसते ‘ए.ए.’ म्हणतात. हिंदुस्थानात हे मंडळ १९५७ साली आले.

यातले मर्म पाहा. बिल विल्सनने दुसऱ्याला वाचवण्यासाठी फोन केला नव्हता, स्वतः वाचण्यासाठी केला होता. आणि त्यात दोघेही वाचले! बुडणाऱ्याला काठावरून हाक मारणारे पुष्कळ असतात. ज्याने त्याच डोहात गटांगळ्या खाल्ल्या आहेत, त्याचा हात मात्र बुडणारा लवकर धरतो.

या मंडळाची सभा कशी चालते ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. आठवड्यातून एक किंवा अधिक दिवस, ठरल्या वेळी, एखाद्या शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा प्रार्थनामंदिराच्या खोलीत दहावीस माणसे जमतात. फी नाही. सभासद आपल्या इच्छेने झोळीत काय टाकतील त्यावर खर्च चालतो. बाहेरच्यांचे दान हे मंडळ घेत नाही. येण्याची अट एकच, की दारू सोडण्याची इच्छा असावी. आडनाव, जात, पगार कोणी विचारीत नाही, आणि आत ऐकलेले बाहेर कोणी बोलत नाही. एकेक जण उठून आपले सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोडणे नाही, वाद नाही, उपदेश नाही. बारा पायऱ्यांचा एक क्रम आहे. दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करणे ही पहिली पायरी. मग आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास, तिच्यावर भार टाकणे, आपल्या दोषांचा हिशेब मांडणे, तो दुसऱ्यापुढे उघड करणे, ज्यांचे वाईट केले त्यांची भरपाई करणे, प्रार्थना आणि ध्यान, आणि शेवटी हा निरोप दुसऱ्या पीडिताकडे पोहोचविणे.

वारकऱ्याला यात परके काय आहे? अहंकार टाकणे आहे, शरण जाणे आहे, दोष कबूल करणे आहे, सत्संग आहे, परोपकार आहे. आणखी एक शिस्त पाहा. ते लोक “जन्मभर पिणार नाही” असे म्हणत नाहीत, “आज पिणार नाही” म्हणतात. उद्याचे उद्या. आळंदीहून निघालेला वारकरी काय करतो? पंढरी किती कोस राहिली याचा हिशेब करीत बसला तर दिवे घाटातच पाय गळतील. तो म्हणतो, आज लोणंद. मग तरडगाव, मग फलटण, मग बरड. रोजचा मुक्काम रोज गाठला, की अठरावीस दिवसांत वाखरी येते. दारू सोडणे ही अशीच मुक्कामामुक्कामाने चालावयाची वारी आहे.

यावर आक्षेप येतात. आम्ही ते टाळत नाही.

कोणी म्हणेल, “आमचे भजन आहे ना, मग दुसरी सभा कशाला?” भजन हवेच. पण भजनात तो आपले दुःख कोणापुढे बोलतो? पखवाजाच्या ठेक्यात त्याची तगमग कोणाला ऐकू येते? “मला आज फार तलफ आली” हे वाक्य तो आपल्या फडात मोकळेपणाने बोलू शकतो काय? बोलला तर चार माणसे हसतील, ही त्याला भीती. भजनाने त्याला बळ मिळेल आणि त्या सभेत त्याला वाचा मिळेल. त्याला दोन्ही लागतात.

कोणी म्हणेल, “तेथे देव कोणता?” ज्याचा जो असेल तो. त्या मंडळाने देवाला नाव ठेवलेले नाही; ज्याला जसा कळला तसा त्याने धरावा. आपल्या माणसाने विटेवरचा धरावा. खोली दुसऱ्या धर्माच्या मंदिराची असली म्हणून काय झाले? पावसात वारकरी कोणाच्या ओसरीला थांबला हे विठोबा विचारीत नाही.

कोणी म्हणेल, “ही सुधारकांची कामे, आपली नव्हेत.” त्याला सातारा जिल्ह्याकडेच बोट दाखवतो. याच जिल्ह्यात ह. भ. प. बंडातात्या कराडकर यांनी कीर्तनाच्या जोडीने व्यसनमुक्त युवक संघ उभा केला आणि तरुणांना माळेबरोबर निर्व्यसनीपणाची दीक्षा दिली. आणि याच साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, ज्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यांनी ‘परिवर्तन’ ही संस्था काढून व्यसनमुक्तीचे काम केले. एक कीर्तनकार, एक अंधश्रद्धेविरुद्ध लढणारा डॉक्टर. देवाधर्माच्या गोष्टींत दोघांच्या वाटा निराळ्या. पण दारूने उठलेला संसार पाहून दोघांचीही पावले एकाच अंगणात गेली. गाडगेबाबांनीही १९५६ साली देह ठेवीपर्यंत हातात खराटा घेऊन दारू आणि कर्ज यांविरुद्ध लोकांना कीर्तनातून जागे केले. तेव्हा हे काम कोणाचे, हा वाद येथे थांबवावा.

आता मुद्द्याचे. कृष्णामाई महाबळेश्वराहून निघते, संगम माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला कवेत घेते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला मिळते. तिच्या काठच्या या दोन जिल्ह्यांत आपल्या माणसाने संगत शोधावी कोठे?

एक. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. मन फार खचले असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ क्रमांक आहे. फोन करून आपला तालुका सांगावा आणि जवळचे केंद्र विचारावे. दोन. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, यांपैकी जवळचे गाठावे आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांची चौकशी करावी. “येथे दारू सोडलेल्यांची सभा कोठे व कोणत्या वारी भरते?” हा प्रश्न त्यांनाच घालावा. तीन. साताऱ्यास ‘परिवर्तन’मध्ये विचारावे. चार. पुण्याला आळंदी रस्त्यावर येरवड्यास ‘मुक्तांगण’ आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार मिळाला. तेथून बाहेर पडलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या सभा होतात. आपल्याला जवळची कोणती ते तेथे सांगतात. पाच. एका सभेला जाऊन मन रमले नाही तर लगेच पाठ फिरवू नये. निदान पाचसहा वेळा जावे, दुसऱ्या गावची सभाही पाहावी.

माणसाला कोठे ठेवावयाचे झाले, तर डोळे उघडे ठेवून ठेवावे. जेथे मारतात, साखळीने बांधतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, डॉक्टर फिरकत नाही, “शंभर टक्के खात्री” असे सांगतात, तेथून परत फिरावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला सन्मानाने वागविण्याचा हक्क दिला आहे. संस्थेची नोंदणी आहे काय, हे विचारण्यात संकोच धरू नये.

घरच्या मंडळींनाही संगत लागते. नवरा प्याला की गावाच्या तोंडाला कुलूप नसते, आणि बाई मात्र आपल्या तोंडाला कुलूप लावून बसते. अशा घरच्यांसाठी ‘अल्-अनॉन’ नावाचे मंडळ १९५१ सालापासून चालत आले आहे. मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. तेथे बाईला प्रथम हे कळते, की त्याचे पिणे हा तिचा अपराध नव्हे. मग हेही कळते, की त्याची उधारी आपण फेडू नये, त्याच्यासाठी मुकादमापाशी खोटे बोलू नये, पण त्याला दवाखान्याची वाट मात्र पुन्हापुन्हा दाखवावी. गावातले दुकान बंद करावयाचे तर तोही रस्ता आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे मतदान होऊन गावच्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, की दुकानाला टाळे लागते. ते चांगलेच. पण दुकान बंद झाले तरी रोग्याची तहान उरते, आणि शेजारच्या गावाला एस.टी. जाते, हेही ओळखून असावे.

आणि जवळ सभाच नसेल तर? अ‍ॅक्रनला दोघेच होते. जत, आटपाडी, माण, खटावच्या एखाद्या गावी दारू सोडलेले दोघे जण बसले, तर त्यांनी चालू सभेला चारदोनदा जाऊन रीत पाहून यावी आणि आपल्या गावी आरंभ करावा. शाळेची खोली किंवा देवळाची ओसरी मागावी. वार आणि वेळ ठरवावी आणि ती मोडू नये. बाजाराचा वार टाळावा. परगावच्यांना शेवटची एस.टी. मिळेल अशा बेताने उठावे. देवळाच्या पंचांनी ही ओसरी आनंदाने द्यावी. दिव्याला तेल घालण्याइतकेच ते पुण्य आहे.

आता दुसरा प्रश्न, आपण काय करावयाचे? त्या खुंटीवरच्या माळेकडे पुन्हा पाहा. तो गडी म्हणतो, “महाराज, माळ तुटली. आता कुठल्या तोंडानं येऊ?” आपल्या प्रत्येक दिंडीने याचे उत्तर आजच ठरवून ठेवावे. आमचे म्हणणे असे: त्याच्या घरी एकाने जावे, घोळक्याने जाऊ नये. “का प्यालास?” हे विचारू नये. “कधीपासून दिसला नाहीस, जीव लागला होता,” एवढे म्हणावे. दवाखान्याला किंवा सभेला त्याच्यासोबत पहिल्या वेळी आपण जावे आणि बाहेर बसून राहावे. कीर्तनात त्याचे नाव घेऊन दृष्टांत करू नये. दारुड्याची नक्कल करून हशा पिकविणारे काही कीर्तनकार आहेत, त्यांना हात जोडून विनंती, की श्रोत्यांत त्याची मुले बसलेली असतात. पुन्हा घसरला तर तो संपला असे मानू नये. या आजारात पुष्कळ जण एकदोनदा घसरून मगच उभे राहतात. ज्या फडाचा नियम कडक आहे त्याने माळेचा नियम जरूर पाळावा, आमचे त्यास काही म्हणणे नाही. पण माळ थांबली म्हणून भजनातली त्याची जागा आणि पंगतीतले त्याचे पान का थांबावे?

पुंडलिकाची कथा आपण लेकराला मांडीवर घेऊन सांगतो. तो आधी कसा होता? आईबापांना छळणारा. मग पालटला, त्यांच्या सेवेस लागला. देव दारी आला तेव्हा त्याने वीट टाकली आणि थांबावयास सांगितले. देव थांबला! मागे हा कसा वागला होता याची चौकशी त्याने केली नाही. पालटू पाहणाऱ्या माणसासाठी वाट पाहत उभे राहणे हे ज्या देवाचे रूपच झाले, त्या देवाच्या वारकऱ्यांना एका घसरलेल्या सोबत्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ काढता येऊ नये काय?

येत्या एकादशीला भजनाला बसताना प्रत्येकाने इकडेतिकडे पाहावे, कोणाची जागा मोकळी आहे ती ध्यानी घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगणात जाऊन उभे राहावे. एवढी सेवा संतचरणी रुजू करून थांबतो.

राम कृष्ण हरि.